रोमन नाणे ओळखताना चेहरा शेवटी पाहावा

रोमन नाणे हाती आले की नवखा संग्राहक आधी त्यावरचा चेहरा पाहतो आणि हा कोणता सम्राट असावा याचे तर्क लढवू लागतो. हा क्रम उलटा करावा. झिजलेल्या नाण्यांवर निम्मे सम्राट सख्खे भाऊ वाटतात. वजन, व्यास आणि धातू मात्र इतके फसवत नाहीत.

साधारण १८ मिलिमीटर व्यासाचे, तीन ते चार ग्रॅमचे चांदीचे नाणे बहुधा दिनारियस असते, तर पंचवीस ग्रॅमच्या आसपास भरणारे पितळी, जाडजूड नाणे सेस्टर्टियस असते. सम्राटाच्या डोक्यावर पानांच्या माळेऐवजी सूर्यकिरणांचा मुकुट दिसला, तर पितळी नाणे बहुधा दुपोंडियस आणि चांदीचे नाणे अँटोनिनियानस समजावे. हे दुसरे नाणे सम्राट कॅराकॅलाने इ. स. २१५ मध्ये सुरू केले; पुढे त्यातली चांदी इतकी घटली की तांब्यावर नुसता मुलामा उरला, आणि तोही उडाल्यामुळे आज अशी बरीच नाणी साधी तांब्याची वाटतात.

यानंतर अक्षरांकडे वळावे. लेख बहुतेकदा डाव्या बाजूला खालून सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यात ‘यू’च्या जागी ‘व्ही’ येतो आणि शब्द मनमानी वाटावेत इतके तोडलेले असतात. ‘एव्हीजी’ म्हणजे ऑगस्टस, ही सम्राटाची पदवी; ‘सीओएस’ म्हणजे कॉन्सल, हे रोममधले एक सर्वोच्च शासकीय पद. ही पदेच पुष्कळदा नाण्याचे वर्ष सांगतात. समजा, सम्राट ट्राजानच्या दिनारियसवर ‘डीएसी’ आणि ‘सीओएस व्ही’ ही अक्षरे आहेत. पहिली अक्षरे डेशियावरील (आजच्या रोमानियाच्या भागातील राज्यावरील) विजयानंतर मिळालेल्या ‘डॅसिकस’ या उपाधीची आहेत. दुसऱ्यांतला ‘व्ही’ हा पाचाचा आकडा असून ट्राजान पाचव्यांदा कॉन्सल झाला तो १०३ मध्ये आणि सहाव्यांदा ११२ मध्ये. म्हणजे नाणे १०३ ते १११ या काळातले ठरले, आणि त्यासाठी चेहऱ्याकडे पाहावेही लागले नाही.

चौथ्या शतकातील तांब्याच्या लहान नाण्यांवर चित्राच्या पायाशी आडवी रेघ असते, तिच्याखाली टांकसाळीची खूण शोधावी. ‘एसएमएएनटी’ असेल तर नाणे साम्राज्याच्या पूर्वेकडील अँटिऑक शहराचे. अक्षरे पुसट असल्यास नाणे तिरप्या उजेडात धरून फिरवावे, सावलीत ती उठून दिसतात. घासूनपुसून लख्ख करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण हिरवट थराबरोबर अक्षरेही निघून जातात.

कडेवर भिंगातून सलग जोडरेघ दिसली किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांसारखे बारीक खड्डे आढळले, तर नाणे साच्यात ओतलेली नक्कल असण्याची शंका घ्यावी. अस्सल नाणी सहसा ठशांमध्ये ठोकून पाडली जात. एवढे झाल्यावर वाचता आलेली अक्षरे, न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबे देऊन, कागदावर उतरवून घ्यावीत आणि मगच सूचीतील चित्रांशी चेहरा ताडून पाहावा.