वीजदराच्या याचिकेवर हरकत कशी नोंदवावी

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची स्थापना १९९९ मध्ये झाली. आयोगाच्या सदस्यांना आपण मतदानाने निवडून देत नाही, तरीही त्यांनी ठरवलेला दर घराघरांतल्या बिलावर उतरतो. हा अधिकार लोकांना मान्य व्हावा यासाठी वीज कायदा, २००३ च्या कलम ६४ ने एक वाट घालून दिली आहे. वितरण कंपनीने वीजदर ठरवून मागणारी आपली याचिका प्रसिद्ध करावी, लोकांच्या सर्व सूचना व हरकतींचा आयोगाने विचार करावा आणि मगच, याचिका मिळाल्यापासून १२० दिवसांच्या आत, आदेश द्यावा, अशी ती तरतूद आहे. म्हणून आयोगाला सकारण उत्तर देणे भागच पडेल, अशा रीतीने हरकत लिहावी.

वृत्तपत्रात जाहीर सूचना आली की प्रथम मुदतीची तारीख आणि हरकत पाठवण्याची पद्धत टिपून घ्यावी. त्यानंतर याचिकेचा मराठी सारांश वाचावा, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण खरी माहिती मूळ याचिकेच्या तक्त्यांत असते. सर्वांत मोठा खर्च वीज खरेदीचा असतो. मागील आदेशात मंजूर झालेली रक्कम आणि आता मागितलेली रक्कम शेजारी शेजारी मांडल्यास पहिला प्रश्न तिथेच हाती लागतो.

दुसरी जागा वितरण गळतीची, म्हणजे ग्राहकांपर्यंत पोहोचवताना वाया किंवा चोरीला जाणाऱ्या विजेची. तिच्यावर थोडा अधिक वेळ द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. ज्या कृषिपंपांना मीटर नाही, त्यांचा वापर अंदाजाने धरला जातो. हा अंदाज फुगवला गेला तर चोरी आणि गळती शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होते, कंपनीची गळती कागदावर कमी दिसते आणि अनुदानाचा व इतर ग्राहकांवरील बोजाचा सगळा हिशेबच बिघडतो. म्हणून हा अंदाज कोणत्या फीडरच्या (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीच्या) नोंदींवरून काढला, हे नेमके विचारावे.

‘दरवाढ अन्यायकारक आहे’ एवढेच लिहिल्यास उत्तरही तितकेच मोघम येते. त्याऐवजी प्रत्येक मुद्द्यात याचिकेतील पृष्ठ किंवा तक्ता, आपला आक्षेप, त्याचा आधार आणि आपली मागणी मराठीतच, पण स्पष्टपणे लिहावी. बिलातील स्थिर आकार (वापर कितीही असला तरी लागणारा), वहन आकार (वीज आपल्यापर्यंत वाहून आणण्याचा) किंवा इंधन समायोजन आकार (इंधन व वीज खरेदीच्या खर्चातील फरकाचा) यांपैकी कशाविषयी बोलत आहोत, ते त्याच नावाने सांगावे. स्वतःच्या चुकीच्या बिलाची तक्रार इथे आणू नये. तिच्यासाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यापुढे विद्युत लोकपाल आहेत.

जनसुनावणीत बोलायचे असल्यास तसे हरकतीतच नमूद करावे. बोलण्यासाठी थोडीच मिनिटे मिळतात. म्हणून लेखी मुद्दे वाचून न दाखवता सर्वांत भक्कम मुद्दा आणि कंपनीच्या लेखी उत्तरात राहिलेली उणीव तेवढी मांडावी. गावातील किंवा वसाहतीतील अनेकांची अडचण एकच असेल तर आकडे मिळून गोळा करावेत, कारण एकसारख्या पत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा नोंदींसह केलेला एक अर्ज अधिक वजनदार ठरतो.

आदेश आल्यावर त्यातील हरकतींचा भाग अवश्य उघडावा. तिथे आक्षेप, कंपनीचे उत्तर आणि आयोगाचे मत दिलेले असते. आपल्या मुद्द्याला कारणांसह उत्तर मिळाले नसेल, तर आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांच्या आत दिल्लीतील विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे कलम १११ खाली अपील करता येते, आणि त्या वेळी मुदतीत दिलेली लेखी हरकत व तिची पोच हाताशी असावी लागते.