घरचं सांडपाणी गटारीत न सोडता शोषखड्ड्यात कसं जिरवायचं

आपल्या गावातनं जे सांडपाणी ओढ्याला जातं ते शेवटी पंचगंगेतच जातं आणि खालच्या गावांना तेच पाणी प्यायला, म्हणून निदान मोरीचं आणि धुण्याभांड्याचं पाणी तरी आपल्याच परड्यात जिरवा, काम एक-दोन दिवसाचं आहे.

आधी माती बघा. फूटभर खड्डा काढून त्यात पाणी ओता, पटकन जिरलं तर उत्तम, पण नदीकाठच्या काळ्या मातीत ते तसंच तुंबून राहतं, तिथं शोषखड्डा करूच नका, त्यापेक्षा पाणी कर्दळ नाहीतर अळूच्या वाफ्याला सोडा.

जागा विहीर किंवा बोअरपासून निदान ५० फूट लांब आणि भिंतीपासून जरा बाजूला घ्या. खड्डा ३ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट खोल. खाली मोठे दगड, त्यावर मध्यम, वर बारीक खडी, आणि मधोमध बुडाला भोकं पाडलेलं मडकं, त्यात नारळाचा काथ्या भरायचा, पाईप त्या मडक्यात सोडायचा. वर गोणपाट टाकून माती ओढा, म्हणजे डास होत नाहीत.

खड्ड्याच्या आधी एक छोटा चेंबर पाहिजेच पाहिजे!! तांबड्या रश्श्याचं तेल, भाताची शितं, केस सगळं तिथंच अडतं, नाहीतर खडीवर तेलकट थर बसून खड्डा लवकर चोक होतो. चेंबर आठवड्यातनं एकदा साफ करा, काथ्या काळा पडला की बदला.

संडासचं पाणी मात्र यात चुकूनही सोडायचं नाही, त्याला सेप्टिक टँक वेगळी.