बाळाच्या हालचालींवरून पुढचा अंदाज बांधताना या चुका टाळा

सगळ्यात मोठा घोळ वयाच्या हिशेबात होतो. बाळ ३० आठवड्यांना जन्मलं, आता १४ आठवड्यांचं आहे. व्हिडिओ काढला, फिजेटी हालचाली (बाळाच्या आपोआप होणाऱ्या बारीक हालचाली) दिसल्या नाहीत आणि 'सेरेब्रल पाल्सीचा धोका' (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत कायमची अडचण) असा शेरा पडला. पण १० आठवडे लवकर जन्मलेल्या या बाळाचं करेक्टेड वय, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेलं वय, फक्त ४ आठवडे आहे. मान, धड आणि हातापायांत सगळ्या दिशांनी होणाऱ्या या बारीक, सतत चालणाऱ्या हालचाली करेक्टेड वयाच्या साधारण ९ आठवड्यांपासून दिसू लागतात आणि २० आठवड्यांच्या सुमारास मावळतात. व्हिडिओ करेक्टेड वयाच्या १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान घ्या. करेक्टेड वय दोन वर्षांपर्यंत वापरायचं असतं.

पुढची चूक व्हिडिओतली. बाळ रडत असेल, पेंगत असेल, तोंडात चोखणी असेल किंवा कोणी खुळखुळा वाजवत असेल, तर तो व्हिडिओ बाद. बाळाला पाठीवर झोपवा. ते जागं आणि शांत हवं, हातपाय उघडे हवेत. कॅमेरा स्थिर ठेवा, पूर्ण शरीर दिसू द्या आणि तीन ते पाच मिनिटं कोणीही बोलू नका. हे पाळायला लोकांना सर्वात जड जातं, विशेषतः आजीला!

हाईन तपासणीत (बाळाच्या मज्जासंस्थेची गुण देऊन केलेली तपासणी) एकूण गुण ७८. तीन महिन्यांच्या वयात ५७ पेक्षा कमी, तर ६ ते १२ महिन्यांत ७३ पेक्षा कमी गुण म्हणजे सावध व्हायचं. तीन महिन्यांच्या बाळाला ७३ चा निकष लावला, तर ठणठणीत बाळंही धोक्यात दिसतील.

एआयएमएसमध्ये (बाळाची हालचालींची कौशल्यं मोजणारी चाचणी) एकदाच कमी पर्सेंटाइल (त्याच वयाच्या शंभर बाळांत कितवा क्रम) आला म्हणून निष्कर्ष काढू नका. निरोगी बाळाचा पर्सेंटाइलही महिन्यागणिक वरखाली होतो, कारण कौशल्यं टप्प्याटप्प्याने, कधी एकदम येतात. काही आठवड्यांनी पुन्हा मोजा. रांगणं चुकलं म्हणूनही घाबरू नका: जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत सुमारे ४.३ टक्के मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नव्हती. स्वतंत्र चालण्याची सर्वसाधारण मर्यादा ८.२ ते १७.६ महिने आहे. मात्र वर्षाच्या आत एकच हात सतत वापरला जात असेल, तर वाट न पाहता दाखवा.

फिजेटी हालचाली खरोखरच नसतील, तर सेरेब्रल पाल्सीचा अंदाज बराच नेमका येतो, आणि हाईन व मेंदूचा एमआरआय जोडीला असतील तर आणखी पक्का. पण त्याच व्हिडिओवरून मूल कधी बोलेल, अभ्यासात कसं असेल, हे सांगायला जाऊ नका. भाषा आणि आकलनासाठी पुढे वेगळ्या तपासण्या लागतात, आणि आज हालचाली ठीक दिसल्या म्हणून त्या टाळताही येत नाहीत.