ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी येतीय? फिल्टर घ्यायच्या आधी हे बघा

सांगलीत शंभर फुटी रोडला कुणाला पण विचारा, गाडीत ॲम्प (स्पीकरचा आवाज वाढवणारा डबा) बसवल्यावर स्पीकरमधून कुईंऽऽ आवाज येतोय म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं, फिल्टर टाका. ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणतात तो. त्याने आवाज जातो पण बऱ्याचदा, पण स्वस्तातला असला तर बेस पण थोडा खातो आणि मूळ लोचा आत तसाच राहतो. म्हणून तो शेवटी.

आधी आवाज नीट ऐका. गाडी बंद, नुसती चावी ऑनवर, तरी सारखं स्स्स येत असेल तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) काही संबंध नाही, ॲम्पचा गेन जास्त उघडलाय. गेन म्हणजे व्हॉल्यूम न्हवं, आत आलेला सिग्नल ॲम्पनं किती वाढवायचा ते. गेन कमी करा, डेकचा (डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टीमचा) व्हॉल्यूम पाऊण करा आणि मग गेन हळूहळू वाढवत आवाज फाटायच्या अलीकडं थांबा, झालं. पण शिट्टी इंजिन चालू झाल्यावरच येतीय आणि रेस दिली की चढतीय, तर ती अल्टरनेटरची, आणि ती आत शिरायला वाट बहुतेक वेळा खराब अर्थिंगच, म्हणजे गाडीच्या पत्र्याला दिलेलं मायनसचं कनेक्शनच देतं. बुफरमध्ये (बेसच्या मोठ्या स्पीकरमध्ये) ही शिट्टी सहसा कळत नाही, त्याला लो-पास, म्हणजे फक्त जाड आवाज सोडणारा फिल्टर लावलेला असतो, ती दाराच्या स्पीकरमधून ऐकू येते.

आता एकेक गोष्ट काढून बघायची. ॲम्प बंद करा, आरसीएच्या (डेकमधून ॲम्पला सिग्नल नेणाऱ्या केबलच्या) पिना ॲम्पमधून काढा, परत चालू करा आणि रेस द्या. तरी शिट्टी आहे? मग घोळ ॲम्पच्या पॉवर, अर्थिंग किंवा स्पीकरच्या वायरीत. गेली? मग पुढं डेककडं चला. मोबाईल आरसीएच्या छोट्या वायरनं थेट ॲम्पला लावा, पण चार्जर काढून, कारण कधीकधी तो चार्जरच शिट्टी घालत असतो. मोबाईलवर साफ वाजलं तर घोळ डेकमध्ये किंवा डेकपासून डिकीपर्यंतच्या आरसीएमध्ये. दुसरी एखादी आरसीए सीटवरनं सरळ टाकून बघा, कार्पेट उचलायची गरज नाही. त्यानं आवाज गेला तर आतली केबल पॉवरच्या वायरीला चिकटून गेलीय, पॉवर एका बाजूनं आणि आरसीए दुसऱ्या बाजूनं न्या, एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. नाही गेला तर डेकची अर्थिंग बघा. कंपनीच्या हार्नेसमधली (वायरींच्या जुडग्यातली) काळी वायर लई बारीक असते, डेकच्या बॉडीवरनं एक वेगळी वायर चेसिसला लावून बघा, फरक पडला तर तीच कायमची करा.

ॲम्पची अर्थिंग मात्र निवांत वेळ काढून बघा. आधी बॅटरीचं मायनस काढा. डिकीत जिथं बोल्ट मारलाय तिथं बहुतेक वेळा रंगावरच थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) दाबलेलं असतं, वरनं घट्ट दिसतंय, खाली रंग. पॉलिश पेपर घेऊन पत्रा पांढरा चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबल नीट क्रिंप झालंय का ओढून बघा, दातेरी वॉशर टाकून आवळा आणि वरनं ग्रीस लावा म्हणजे गंज धरणार नाही. वायर पॉवरच्या वायरीएवढीच जाड आणि जमेल तेवढी आखूड. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग घेऊ नका, बसवणारा म्हणाला तरी.

आपल्याकडं २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या पण नंतर फिरायला लागल्या, काही हात बदलून गेल्या. सेकंडहँड घेतली असेल तर कार्पेट उचलून मूळ अर्थिंगचे बोल्ट बघा. हिरवं-पांढरं धरलेलं दिसलं की ते सगळे खोलून घासायचे, नुसत्या ॲम्पची अर्थिंग घासून भागायचं नाही.

मल्टिमीटर असेल तर अंदाजपंचे कशाला? मायनस परत लावा, गाणं जोरात लावून डीसी वोल्टवर एक काडी ॲम्पच्या ग्राउंड टर्मिनलला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावा, काडी पुरणार नाही म्हणून लांब वायर जोडून घ्या. ०.१ वोल्टच्या आसपास किंवा खाली आलं तर ठीक, अर्धा वोल्ट दाखवत असेल तर मधे कुठंतरी सांधा खराब आहे. मग बॉनेटखाली मायनसवरनं बॉडीला आणि इंजिनला गेलेल्या पट्ट्या पण बघा, ॲम्प बसवणाऱ्यांना त्या आठवतच नाहीत.

सगळं नीट असून पण शिट्टी तशीच असली तर मीटर एसीवर ठेवून चालू गाडीत बॅटरीच्या दोन्ही टोकांवर बघा. अर्धा वोल्टच्या वर एसी दिसला तर अल्टरनेटरचा डायोड (एसीचा डीसी करणारा भाग) गेलेला असू शकतो. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं, ऑडिओवाल्याचं न्हवं, आणि तिथं कितीही फिल्टर टाकले तरी पैसेच जातात.