हगवण लागलेलं करडू: आधी पाणी, मग औषध

करडाला हगवण लागली की चार माणसं चार औषधं सांगतात, आणि सगळ्यांचा रोख एकच: हगवण बंद करा. मी उलट सांगतो. करडू मरतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार संपून. हगवण दोन दिवस चालली तरी चालेल, पाणी संपता कामा नये. पण पाणी पाजायचं कसं हे कुणी धड दाखवत नाही, आणि त्यातच करडं जातात. माझ्या हातूनही एक गेलं आहे.

हे सगळं दूध पिणाऱ्या किंवा नुकत्याच चरायला लागलेल्या करडांसाठी आहे.

खरंच हगवण आहे का?

नुसत्या दुधावरच्या करडाची विष्ठा पिवळी आणि मऊच असते. जन्मानंतरची पहिली काळी, चिकट असते. दोन्ही ठीक. करडू उड्या मारतंय, आचळ ओढून पितंय आणि फक्त विष्ठा सैल आहे, तर दूध जास्त होतंय. तेवढंच दूध तीनऐवजी पाच वेळांत विभागून द्या, औषधाला हात लावू नका. शेपटी आणि मागचे पाय ओले, पाण्यासारखी धार, करडू कोपऱ्यात मलूल उभं, ही हगवण.

कळपातून वेगळं काढा, कोरड्या जागी ठेवा, मागची बाजू कोमट पाण्याने धुऊन पुसून घ्या.

तीन तपासण्या

गुदद्वारात थर्मामीटर. करडाचं तापमान १०१.५ ते १०४ अंश फॅरनहाइट असायला हवं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच बसली तर ठीक. दोन-तीन सेकंद तशीच उभी राहिली आणि डोळे आत गेलेले दिसले, तर वजनाच्या आठ-दहा टक्के पाणी गेलंय असं धरा. मग स्वच्छ बोट तोंडात घाला. तोंड उबदार आहे का, आणि करडू बोट चोखतंय का?

तोंड गार लागलं किंवा तापमान १०० च्या खाली असलं, तर तोंडाने काहीही द्यायचं नाही. गार पडलेल्या करडाचं पोट चालत नाही आणि गिळणंही नीट होत नाही. आधी ऊब: कोरडं गोणपाट, फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, हवं तर अंगाशी धरून बसा. ते आडवं पडू देऊ नका. पाय दुमडून छातीवर बसवा, दोन्ही बाजूंनी टेकू द्या. पूर्ण थंड आणि बेशुद्ध असेल तर घरचे उपाय थांबवून पशुवैद्यक गाठा. अशा करडाला शिरेतून किंवा पोटाच्या पोकळीत सुईने ग्लुकोज लागतं, आणि ते काम आपलं नाही.

पाणी तयार करणं

माणसांचं ओआरएस चालतं. एका लिटरचं पाकीट एकाच लिटरमध्ये पूर्ण मिसळा, अंदाजाने अर्धं वापरू नका. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ ‘थोडं जास्त’ घालण्याचा मोह टाळा, त्याने हगवण वाढते.

पाजणं

इथे घाई करायची नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मला दाखवलं गेलं ते असं: करडू मांडीत धरा, तोंड आभाळाकडे करा, बाटली लावा, गटागट जातं. गेलं खरं. जुळ्यांतलं धडधाकट करडू होतं, हगवण लागून एकच दिवस झाला होता. रात्री त्याच्या नाकातून बुडबुड्यांसारखा आवाज यायला लागला. सकाळी तोंड उघडं ठेवून श्वास घेत होतं. तिसऱ्या दिवशी मान टाकली. हगवण तोवर थांबली होती.

तोंड वर केलं की श्वासनलिकेची वाट सरळ मोकळी होते. घशात आलेलं पाणी गिळायला करडाला उसंत मिळाली नाही की ते फुप्फुसात जातं, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया हगवणीपेक्षा कठीण. म्हणून नाकपुड्या कधीही डोळ्यांच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत. जबडा जमिनीला समांतर, उभं राहून ते स्वतःहून पाणी पिताना जसा असतो तसा.

जे चोखतंय त्याला निपलच्या बाटलीनेच पाजा. बाटली खाली धरा, म्हणजे त्याला ओढून प्यावं लागेल. निपलचं भोक मोठं करू नका. बाटली उलटी केल्यावर थेंब पडावेत, धार लागली तर ते निपल फेकून द्या.

जे चोखत नाही पण बसलंय, शुद्धीत आहे, गिळतंय, त्याला १० मिलीची सिरिंज. (सुई काढून. एकदा विचारणारा भेटलाय, म्हणून सांगतो.) करडू गुडघ्यांमध्ये धरा, डावा हात हनुवटीखाली. ओठांच्या कोपऱ्यातून, पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते तिथून टोक आत न्या. दोन-तीन मिली जिभेवर सोडा आणि थांबा. घसा हलला पाहिजे. तो हलताना दिसल्याशिवाय पुढचा घोट नाही. जीभ ओढून धरायची नाही, जीभ धरलेलं जनावर गिळू शकत नाही. ते ओरडत असेल तर थांबा, कारण ओरडताना श्वासनलिका उघडी असते. ठसका लागला तर हात काढा, डोकं खाली जाऊ द्या, श्वास पूर्ण शांत होईपर्यंत काही नाही. नाकातून पाणी आलं तर ती खेप तिथेच संपली.

अशा गतीने ७० मिलीला पंधरा मिनिटं लागतात. कंटाळा येतो, पाय आखडतात. पाच मिनिटांत झालं असेल तर तुम्ही चुकीचं पाजलंय.

तेल पाजण्याच्या सल्ल्याबद्दल माझं मत कडक आहे: हगवणीत तेलाचं काही काम नाही, आणि चुकून फुप्फुसात उतरलं तर ठसकाही नीट लागत नाही, कळतं ते उशिरा. नळी घालून पाजणं उपयोगी आहे, पण ते वाचून शिकायचं नाही. पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली हाताने करून बघा, तेही करडू आजारी पडण्याआधी.

किती? चार किलोचं करडू, आठ टक्के तूट: म्हणजे ३२० मिली आधीच गेलंय. ते पहिल्या आठ ते बारा तासांत भरून काढा. शिवाय रोजची गरज किलोमागे साधारण ८० मिली, आणि जोवर हगवण चालू आहे तोवर बाहेर जाणारं वेगळंच. हिशेब सोपा ठेवायचा तर दर दोन तासांनी ७० मिली, रात्रीसुद्धा. रात्रीच्या दोन खेपा चुकवल्या की सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. करडाने लघवी केली की ती वेळ लिहून ठेवा. मला त्या नोंदीइतका भरवसा दुसऱ्या कशाचाच वाटत नाही.

दूध तोडायचं का?

नाही. ‘पोटाला विश्रांती’ म्हणून दोन-दोन दिवस दूध बंद ठेवलेली करडं हगवणीतून उठतात आणि उपासमारीने पडतात. ओआरएसमध्ये ताकद पुरेल इतकी साखर नसते. फार तर एक-दोन वेळा दूध टाळा, मग थोडं थोडं सुरू करा. दूध आणि ओआरएस एकत्र करू नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. दुधाचं जठरात आधी दही व्हावं लागतं, आणि ओआरएस त्यात अडथळा आणतं.

दूध सिरिंजने ओतूही नका. करडू चोखतं तेव्हा आतली पन्हळ मिटून नळी होते आणि दूध थेट चौथ्या पोटात जातं. ओतलेलं दूध पहिल्या पोटात पडून आंबतं. ते चोखायला लागेपर्यंत ओआरएसवर काढा. दिवसभरात चोखायला लागलं नाही तर पशुवैद्यक.

औषधं

वयावर बरंच ठरतं. पहिल्या आठ-दहा दिवसांतली हगवण बहुधा जिवाणू, विषाणू किंवा पोटातल्या सूक्ष्म परजीवींची. तीन आठवड्यांनंतर पहिला संशय रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीचा, आणि नाव काहीही असलं तरी रक्त दिसेलच असं नाही. काळपट, शेंबडासारखी विष्ठा आणि कुंथणं पुरे. कॉक्सिडिया म्हणजे जंत नव्हेत, त्यामुळे जंताचं औषध त्यावर चालत नाही. चरणाऱ्या करडाच्या खालच्या पापणीची आतली बाजू पांढरट असेल तर रक्त पिणाऱ्या जंतांचा विचार करा. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून तपासायला द्या, ती गार ठेवा, आणि औषध काट्यावर वजन करून ठरलेल्या मात्रेत द्या. रक्ती हगवणीचं अँप्रोलियम ठरलेल्यापेक्षा जास्त दिवस चालवलं तर ब१ जीवनसत्त्व अडतं आणि मेंदूवर परिणाम होतो. माणसांच्या हगवण थांबवणाऱ्या गोळ्या तर अजिबात नकोत. आतडं थांबतं आणि विष आतच राहतं.

यापैकी काही दिसलं तर माझं मार्गदर्शन बाजूला ठेवून लगेच डॉक्टर बोलवा: कळपातलं सगळ्यात गुबगुबीत करडू अचानक ओरडून पडतं, झटके देतं (आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंचं विष अंगात भिनणं; तासांचा खेळ); डावी कूस ढोलासारखी फुगते; किंवा १०४ च्या वर ताप, नाका-डोळ्यांतून स्राव आणि तोंडात फोड, सोबत हगवण. हे शेवटचं पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा झपाट्याने पसरणारा विषाणूजन्य रोग, असू शकतं आणि तेव्हा प्रश्न सगळ्या कळपाचा असतो.

उठल्यावर

विष्ठा घट्ट झाली तरी ओआरएस आणखी एक दिवस. सुका चारा आणि पाला चालेल, धान्याचा खुराक आठवडाभर नको, मग मुठीने वाढवा. त्या जागेचं बिछायत काढून जाळा, जमीन खडखडीत कोरडी होऊ द्या. कॉक्सिडियाच्या अंड्यांना बहुतेक जंतुनाशकांनी काही होत नाही, ऊन आणि कोरडेपणाने होतं. यातली काही दुखणी माणसालाही लागतात, तेव्हा हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना लांब ठेवा. आणि जुळं भावंड असेल तर दोन आठवडे रोज सकाळी त्याची शेपटी उचलून बघा.