‘हो सर’ म्हणजे होकार नव्हे

बॉन्डवर, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, पहिल्यांदा पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) चाललेल्या डॉक्टरांसाठी लिहितोय. मेडिकल ऑफिसर, सीएचओ (उपकेंद्रावरचे आरोग्य अधिकारी), एएनएम (नर्स, आपल्या सिस्टर), आशा (गावातली आरोग्यसेविका) ही उतरंड तुम्हाला पाठ असेलच. माझीही होती, आणि तीच नडली.

बीडकडचं पीएचसी, सप्टेंबरची अखेर. पाचव्या महिन्यातली एक गरोदर बाई, हिमोग्लोबिन 7.4, म्हणजे बरंच कमी. बैठकीत मी फर्मान काढलं : लोहाच्या गोळ्या चालू ठेवा, दिवाळीनंतर आयर्न सुक्रोज (शिरेतून द्यायचं लोह) देऊ, आशाताईंनी तिला घेऊन यायचं. मागच्या खुर्चीवरून ‘हो सर’ आलं. मी वहीत टिक मारली.

दसरा झाला आणि बाई टोळीबरोबर ऊसतोडीला गेली. नवऱ्यानं टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, हे आशाताईंना ठाऊक होतं. शौचाला काळं होतं म्हणून गोळ्या डब्यात तशाच पडून आहेत, हे सिस्टरना. सुक्रोजचा साठा शिल्लक आहे, दिवाळीपर्यंत थांबायचं कारणच नाही, हे फार्मासिस्टना. तिघंही त्याच खोलीत बसले होते.

मी चिडलो, “बोलला का नाहीत?”

आशाताई म्हणाल्या, “तुम्ही इचारलं कुठं, सर? तुम्ही सांगितलं.”

इथंच सगळे फसतात, म्हणून जरा लांबण लावतो. आशाताईंना पगार नाही, थोडं मानधन आणि कामागणिक मोबदला. त्या मोबदल्याच्या फॉर्मवर सही आपलीच. त्या तुम्हाला चारचौघांत खोडून काढतील कशाला? ‘ती येईल ना?’ असं विचारलंत की उत्तर ‘हो सर’च. ‘पुढचे दोन महिने ती गावात आहे का?’ असं विचारा. आधी आशाताई, मग सिस्टर, मग फार्मासिस्ट, तुम्ही शेवटी. पहिलं मिनिट कुणी बोलणार नाही. ते सोसा, मध्येच तोंड घालू नका.

व्हॉट्सअॅप ग्रुप काढला की टीम झाली असं समजू नका. तिथला अंगठा म्हणजे ‘हो सर’च. आणि ‘दरारा ठेव’ म्हणणारे सीनियर मला तरी कधी उपयोगी पडले नाहीत.

पहिले दोन-तीन महिने तुमच्याशी कुणी मोकळं बोलणार नाही. मनाला लावून घेऊ नका, सगळ्यांचं तसंच होतं. दुपारी केबिनमध्ये एकट्यानं डबा खायचं मात्र सोडा.

ती बाई फडावरच बाळंत झाली. दोघं वाचली, त्यात आमचं काही कर्तृत्व नाही.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास आशाताई आपणहून यादी घेऊन आल्या : टोळीबरोबर जाणाऱ्या नऊ गरोदर बाया. आमच्या रजिस्टरात सहाच होत्या.