विंडोजच्या स्वयंचलित अपडेटवर मुद्देसूद वाद कसा घालावा

विंडोजच्या स्वयंचलित अपडेटवर चर्चा सुरू झाली की एक जण सुरक्षिततेचा मुद्दा मांडतो, दुसरा मालकीचा (आपल्या संगणकावर काय बसवायचे ते आपणच ठरवावे), आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे वाद तिथेच अडतो. म्हणून आधी तीन प्रश्न वेगळे करावेत: सुरक्षेतील त्रुटी बुजवणारे पॅच, नवी वैशिष्ट्ये, आणि आपल्या संगणकाकडून कंपनीकडे जाणारी माहिती.

पॅचच्या बाबतीत हट्ट धरू नये. मार्च 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टने ज्या त्रुटीवर पॅच दिला होता, तिचाच वापर करून मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील संगणकांवरच्या फायली ओलीस धरल्या. समोरच्याने हे उदाहरण काढण्याआधी आपणच काढावे, म्हणजे आपण सुरक्षेच्या विरोधात बोलत नाही हे स्पष्ट होते. त्यानंतर नव्या वैशिष्ट्यांसाठी आलेले ऑक्टोबर 2018 चे अपडेट पुढे ठेवावे. काही वापरकर्त्यांच्या वैयक्तिक फायली पुसल्या गेल्याने कंपनीला त्याचे वितरण थांबवावे लागले होते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी. 2015 साली आलेल्या विंडोज 10 च्या होम आवृत्तीत अपडेट लांबणीवर टाकण्याची सोय नव्हती. ती 2019 मध्ये मिळाली, कमाल 35 दिवसांपुरती. पण या काळात सुरक्षेचे पॅचही थांबतात आणि मासिक अपडेट एकाच गाठोड्यात येत असल्याने त्यातून हवे ते निवडता येत नाही. तक्रार नेमकी या गाठोड्याबद्दल असावी.

माहितीच्या प्रश्नावर बोलण्याआधी आपला संगणक तपासावा. सेटिंग्जमधील प्रायव्हसी विभागात डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक उघडून ऐच्छिक माहिती पाठवणे बंद करावे आणि तिथलाच डायग्नॉस्टिक डेटा व्ह्यूअर सुरू करून काय पाठवले जाते ते वाचावे. (हा दर्शक कंपनीचाच आहे आणि त्याची मूळ संहिता (सोर्स कोड) खुली नाही, त्यामुळे तो सारे दाखवतो का, याची खात्री वापरणाऱ्याला स्वतः करता येत नाही.) होम आणि प्रो आवृत्तीत "आवश्यक" ठरवलेली माहिती बंद करता येत नाही; संस्थांसाठीच्या एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्तीत ती बंद करण्याचा पर्याय आहे. वादातील सर्वात भक्कम मुद्दा हाच, कारण तांत्रिक अडचण असती तर कोणालाच तो पर्याय मिळाला नसता.

"नको तर लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी दुसरी कार्यप्रणाली) वापरा" हे उत्तर हमखास येते. ज्याचे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, त्याला ते उपयोगाचे नाही. अशा वेळी फ्रान्सचा दाखला द्यावा. तिथल्या माहिती-संरक्षण आयोगाने जुलै 2016 मध्ये विंडोज 10 गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करते म्हणून मायक्रोसॉफ्टला नोटीस बजावली आणि कंपनीने बदल केल्यावर जून 2017 मध्ये प्रकरण बंद केले. म्हणजे विंडोज न सोडताही मागणी मान्य करून घेता येते.